‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही?

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापद आणि त्यामागे ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द अशा जोड्यांची, यादी हमखास असते. डावीकडे ‘गिव्ह अप’, उजवीकडे ‘सोडून देणे’. डावीकडे ‘पुट ऑफ’, उजवीकडे ‘पुढे ढकलणे’. स्पर्धा परीक्षांची मुलं ही यादी घोकतात, गाळलेल्या जागाही भरतात. पण बोलायची वेळ आली की त्यातलं काहीच तोंडात येत नाही, आलंच तर भलत्या ठिकाणी येतं. यादीत अर्थ असतो. कर्म कुठे बसवायचं आणि कोणत्या गोष्टीबद्दल हे बोलतात, हे नसतं, आणि वाक्य अडतं ते नेमकं तिथेच.

आपलं ‘सोडणे’ घ्या. ‘त्याने सिगारेट सोडली’ याला ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ अगदी बरोबर. पण ‘त्याने मला स्टेशनवर सोडलं’ याचं ‘ही गेव्ह मी अप’ केलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्हाला पोलिसांच्या हवाली केलं! तिथे हवं ‘ही ड्रॉप्ड मी ऑफ ॲट द स्टेशन’. पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलात आणि गाडी हलेपर्यंत थांबून हात हलवून आलात, तर ‘वी वेंट टु सी देम ऑफ’. नुसतं स्कूटरवरून उतरवून परत फिरलात, तर पुन्हा ‘ड्रॉप ऑफ’. ट्रॅफिक हवालदाराने दंड न करता समज देऊन सोडलं, तर ‘ही लेट मी ऑफ विथ अ वॉर्निंग’. संशयिताला चौकशी करून सोडलं, तर ‘दे लेट हिम गो’. आणि ‘सोड ना तो विषय’ याला ‘लेट इट गो’. ‘ड्रॉप इट’ही म्हणतात, पण ते जरा फटकळ आहे, साहेबांना म्हणू नये. एका मराठी क्रियापदाला इंग्रजीत इतक्या वाटा फुटतात, तर यादीतली एकास एक जोडी कुठवर पुरणार?

तशी ही रचना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. ‘टाक’मध्ये टाकण्याचं काही उरलेलं नसतं, ‘बसला’मध्ये बसण्याचं नसतं. पहिलं क्रियापद काम सांगतं, दुसरं ते काम कसं झालं ते सांगतं: पुरतं झालं, एकदाचं झालं, नको असताना झालं. इंग्रजीत ही कामगिरी बऱ्याचदा क्रियापदामागचा छोटा शब्द करतो. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, पानात ठेवू नकोस. ‘टेअर’ म्हणजे फाड, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक, तुकडे कर. ‘ब्लर्ट आउट’ म्हणजे बोलून बसणं. जुळणी नेहमी इतकी सरळ नसते, पण संयुक्त क्रियापदांनी तयार झालेला कान इथे उपयोगी पडतो, आणि शाळेत याचा कुणी फारसा उल्लेखही करत नाही.

इंग्रजांनाही ही अडचण ठाऊक होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत म्हटलंय की परक्यांना सगळ्यात जास्त त्रास याच जोडणीचा होतो. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव बरंच नंतरचं. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ मध्ये ते छापलं आणि सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीला दिलं.

कर्माची जागा

आता मुख्य प्रश्न. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण ‘द लाइट’च्या जागी ‘इट’ आलं की एकच वाट उरते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ कधीच नाही. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘हर’ सगळ्यांना हाच नियम. ‘पिक देम अप’, ‘कॉल हर बॅक’, ‘थ्रो इट अवे’.

कारण असं की इंग्रजी वाक्यात शेवटची जागा वजनदार शब्दाची. तिथे नवीन माहिती येते आणि आवाजाचा जोरही तिथेच पडतो. ‘इट’मध्ये नवीन काही नाही, कशाबद्दल चाललंय ते दोघांनाही माहीत आहे. म्हणून ते मध्ये दडपायचं आणि जोर ‘ऑफ’वर द्यायचा. याच न्यायाने कर्म लांबलचक असलं की उलट होतं. ‘टर्न ऑफ ऑल द लाइट्स यू लेफ्ट ऑन इन द किचन’ असंच म्हणतात, कारण ‘ऑफ’ पार शेवटी नेलं तर ते येईपर्यंत ऐकणारा दिव्यांचं नक्की काय करायचं याची वाट पाहत बसेल.

दुसरी जात याच्या उलट. ‘शी लुक्स आफ्टर हिम’ बरोबर, ‘शी लुक्स हिम आफ्टर’ चूक. इथे सर्वनाम असलं तरी ते शेवटीच. ‘लुक फॉर’, ‘लुक इंटु’, ‘रन इंटु’, ‘गेट ओव्हर’ ही सगळी या घरातली. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर ‘टर्न ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियाविशेषण आहे, तो क्रियापदाचा सोबती. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ शब्दयोगी अव्ययासारखा, त्याचं नातं नामाशी. फक्त आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटतं आणि इंग्रजीतलं पुढे उभं राहतं, त्यामुळे दोन्ही जाती दिसायला सारख्या दिसतात.

ओळखायची जुनी युक्ती आहे. ‘ही रॅन अप द हिल’, तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप अ बिल’, त्याने बिल चढवून ठेवलं. ‘ही रॅन द बिल अप’ म्हणता येतं, ‘ही रॅन द हिल अप’ म्हणता येत नाही. मध्ये ‘क्विकली’ घालून पाहिलं तर नेमकं उलट: ‘ही रॅन क्विकली अप द हिल’ ठीक, ‘ही रॅन क्विकली अप अ बिल’ कानाला टोचतं. पण कान अजून तयार नसेल तर ही युक्ती काय कामाची? तेव्हा ढोबळ आडाखा धरा. अप, डाउन, आउट, ऑफ, अवे, बॅक हे बहुतेक वेळा पहिल्या जातीचे, म्हणजे ‘इट’ मध्ये घ्या. फॉर, ॲट, आफ्टर, इंटु, विथ हे दुसऱ्या जातीचे, म्हणजे ‘इट’ शेवटी. ‘गेट ऑफ द बस’सारखे अपवाद भेटतील. इन, ऑन, ओव्हर, थ्रू यांचा मात्र भरवसा नाही, ते दोन्ही घरी जेवतात. तिथे कोशच पाहावा.

‘थ्रू’चा भरवसा का नाही, ते बघा. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचं सोंग मी ओळखलं. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या अडचणीच्या काळात शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी उभा राहिलो. शब्द तेच, नुसतं ‘हिम’ एक घर सरकलं. आभाराच्या पत्रात ‘यू सॉ मी थ्रू अ डिफिकल्ट यिअर’ लिहायचं असताना ‘सॉ थ्रू मी’ लिहून गेलात, तर आभार राहतात बाजूला.

तीन शब्दांच्या जोडण्या, ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘कम अप विथ’, ‘गेट अवे विथ’, यांत मध्ये काही घालायचं नसतं, कर्म शेवटी. या त्यामानाने सोप्या. या सोपेपणाला अपवाद एकच, ‘लुक फॉरवर्ड टु’. ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ हे वाक्य आपल्याकडच्या ईमेलांत इतकं रुळलंय की चूक कुणाला दिसतही नाही. हवं ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. इथला ‘टु’ क्रियापदाआधी येणारा ‘टु’ नव्हे, नामाआधीचा आहे. खात्री करायची तर पुढे नाम ठेवून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टु द ट्रिप’. नाम बसलं, म्हणजे क्रियापदाला ‘इंग’ लावल्याशिवाय तिथे बसता येणार नाही.

आणखी एक गळती प्रश्नांत आणि कर्मणी वाक्यांत होते. ‘काय शोधतोयस?’ यात शेवटी लोंबकळणारा शब्द नसतो, म्हणून ‘व्हॉट आर यू लुकिंग?’ एवढ्यावर थांबलं जातं. ‘फॉर’ हवाच: ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ तक्रारीच्या उत्तरात ‘द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटु’ यातला ‘इंटु’ विचित्र दिसतो म्हणून गाळू नका. तो गाळला की वाक्याला अर्थच उरत नाही.

एकच ‘गो ऑफ’

‘द लाइट्स वेंट ऑफ’, दिवे बंद झाले. ‘द अलार्म वेंट ऑफ’, अलार्म वाजला. म्हणजे दिव्याला ‘ऑफ’ लावला की तो विझतो आणि अलार्मला लावला की तो बोंबलायला लागतो! भले भले इथे गोंधळतात. ‘माय अलार्म डिडन्ट गो ऑफ’ ही उशिरा येणाऱ्याची सबब आहे, गजर वाजलाच नाही. ‘गजर बंदच होईना’ म्हणायचं असेल तर ‘द अलार्म वुडन्ट स्टॉप’.

यामागे थोडी संगती आहे. ‘ऑफ’चा मुळातला भाव सुटून जाण्याचा. चालू असलेल्या प्रवाहापासून दिवा तुटला, म्हणून तो बंद. गजर, बंदूक, फटाका यांत काहीतरी दाबून, अडवून ठेवलेलं असतं, ते सुटलं, म्हणून आवाज. ‘द बॉम्ब वेंट ऑफ’, ‘द गन वेंट ऑफ’ ही याच पंक्तीतली. ‘ही वेंट ऑफ टु नाशिक’, तो नाशिकला निघून गेला, तोही इथून सुटलाच. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, दूध नासलं. हा वापर ब्रिटिशांचा, अमेरिकन माणूस ‘गॉन बॅड’ म्हणेल. ‘द फंक्शन वेंट ऑफ वेल’, कार्यक्रम नीट पार पडला. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’, कॉफी नकोशी झालीय, हेही ब्रिटिशच. म्हणून ‘गो ऑफ म्हणजे काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘काय गो ऑफ झालं?’ असं विचारलंत तर लगेच आहे. कर्ता दूध आहे, दिवा आहे की माणूस, त्यावर सगळं ठरतं.

लाइट गेली, म्हणजे वीजच गेली, तर ‘द पॉवर वेंट आउट’ अधिक स्वाभाविक. मेणबत्ती विझली तरी ‘वेंट आउट’. आग विझवणं ‘पुट आउट’. ‘आउट’मध्ये संपण्याची, आटण्याची छटा आहे: ‘रन आउट’ साठा संपणं, ‘वेअर आउट’ झिजून जाणं, ‘सोल्ड आउट’ सगळं विकलं जाणं. शिवाय उजेडात येण्याचीही: ‘फाइंड आउट’, ‘वर्क आउट’, ‘फिगर आउट’. ‘अप’च्या तीन मुख्य छटा लक्षात ठेवल्या तर निम्मं काम होतं. एक, पुरतं होणं: ‘यूज अप’, ‘ड्रिंक अप’. दोन, वाढणं: ‘स्पीक अप’ मोठ्याने बोल, ‘स्पीड अप’. तीन, जवळ येऊन ठेपणं: ‘टर्न अप’, ‘शो अप’, ‘कॅच अप’. ‘डाउन’ म्हणजे घट आणि बिघाड, त्यात फार खोल जायला नको. ‘द हाउस बर्न्ड डाउन’ म्हणजे घर जळून जमीनदोस्त झालं, आणि ‘द लेटर बर्न्ड अप’ म्हणजे पत्र जळून गेलं, काही उरलं नाही, एवढं पाहून ठेवा.

छटांचा हा खेळ सगळीकडे चालवायला जाऊ नये. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ यांची कितीही फोड केली तरी निघत नाही. तिथे पाठांतरच.

मराठीत आलेले, आणि परत जाताना अडणारे

‘लाइट ऑफ कर’, ‘पंखा ऑन कर’ हे आता मराठीच आहे. त्यात ‘कर’ने क्रियापदाचं काम केलेलं असतं. ‘कर’ काढून वाक्य इंग्रजीत नेलं की ‘ऑफ द लाइट’ एवढंच उरतं, आणि त्यात क्रियापदच नसतं. ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ घालायलाच हवं. ‘फोन स्विच ऑफ येतोय’ मराठीत ठीक, इंग्रजीत ‘हिज फोन इज स्विच्ड ऑफ’, त्यातला ‘ड’ गिळायचा नाही. ‘आय विल ड्रॉप यू’ भारतात समजतं, बाहेर ‘ड्रॉप यू ऑफ’ म्हणा. नुसत्या ‘ड्रॉप यू’चा अर्थ पाडीन किंवा संघातून काढून टाकीन असाही होतो.

‘फॉर्म फिल अप करा’ हेही आपलंच. ब्रिटिश फॉर्म ‘फिल इन’ करतात, अमेरिकन ‘फिल आउट’. ‘फिल अप’ गाडीची टाकी. ‘कोप अप विथ’ असं काही नसतंच, नुसतं ‘कोप विथ’. ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या संगतीने तो ‘अप’ चिकटला असावा. ‘रिटर्न बॅक’, ‘रिव्हर्ट बॅक’ यांतला ‘बॅक’ फुकटचा, ‘रि’मध्ये तो आलेलाच आहे.

‘मी २०१९चा पास आउट’ याचं ‘आय पास्ड आउट इन २०१९’ केलंत तर अमेरिकेतल्या माणसाला वाटेल, तुम्ही २०१९ साली चक्कर येऊन पडलात. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’. मात्र आपण हा अर्थ हवेतून आणलेला नाही. लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं या अर्थी ब्रिटिश ‘पास आउट’ म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड त्यातलीच. तसंच सरकारी कचेरीतलं ‘फाइल पुट अप करा’. साहेबांच्या टेबलावर निर्णयासाठी फाइल ठेवणं, हे कचेरीत चोख आहे. परदेशी सहकाऱ्याला ‘आय विल पुट अप द फाइल’ लिहिलंत तर तो ती फाइल भिंतीवर कुठे लावणार असं विचारेल. त्याला ‘सबमिट’ लिहा.

सगळ्यात धोकादायक सापळा वेळेचा. मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती नंतर होणार. इंग्रजीत ‘वी ब्रॉट द मीटिंग फॉरवर्ड’ म्हणजे ती आधीच होणार! आणि ‘वी पुश्ड इट बॅक’ म्हणजे उशिरा. आपलं ‘पुढे’ आणि त्यांचं ‘फॉरवर्ड’ इथे विरुद्ध दिशेला तोंड करून उभे आहेत. अमेरिकेत आधी घेण्याला ‘मूव्ह अप’ही म्हणतात. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर टाळाच, बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली म्हटल्यावर ती सोमवारी की शुक्रवारी, यावर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत होत नाही. नवी तारीख आणि वार सरळ लिहून टाकावा. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्दच. पावसामुळे सामना ‘कॉल्ड ऑफ’ झाला असेल तर तो पुढे ढकललेला नाही, बातमी मराठीत आणताना ही गफलत होते.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे बोलीतलं, लिहिताना टाळावं, असंही सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. ‘पुट ऑफ’ऐवजी अर्जात ‘पोस्टपोन’ बरं दिसतं, हे ठीक. पण ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आउट’ शोधनिबंधांतही सर्रास असतात. तिथे मुद्दाम लॅटिन वळणाचा जड शब्द शोधत बसणं म्हणजे उगाच शिष्टपणा.

लिहिताना जोडायचं की तोडायचं, हेही पाहावं. क्रियापद असेल तर दोन शब्द: ‘लॉग इन’, ‘बॅक अप’, ‘सेट अप’. नाम असेल तर एक: ‘लॉगिन’, ‘बॅकअप’, ‘सेटअप’. वेबसाइटवरच्या बटणांवर सर्रास एकच शब्द छापतात, त्यामुळे डोळ्याला चुकीची सवय लागते. उच्चारातही फरक आहे. नामात जोर पहिल्या भागावर, क्रियापदात शेवटच्या छोट्या शब्दावर. भूतकाळ करून बघितलं की लगेच कळतं: ‘आय लॉग्ड इन’ होतं, ‘लॉगिन्ड’ होत नाही.

वहीत काय लिहायचं

शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी कोश घ्या, इंग्रजी-मराठी नको. ऑक्सफर्ड आणि लाँगमनच्या अशा कोशांत ‘पुट समथिंग ऑफ’सारख्या नोंदीत दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसतो. बाण असला म्हणजे कर्म मध्येही चालतं आणि नंतरही. नोंद ‘लुक आफ्टर समबडी’ अशी असली, बाण नसला, कर्म शेवटी असलं, तर तोडायचं नाही. आणि ‘सी समबडी थ्रू’ असं कर्म मध्येच छापलं असलं, बाण नसला, तर ते मध्येच ठेवायचं. बाणाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि कर्माच्या जागेचं सगळं उत्तर तिथे आहे.

वहीत मग अर्थ न लिहिता वाक्यं लिहा, आणि प्रत्येकाचं एक वाक्य ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून. ‘पुट ऑफ’साठी: ‘दे पुट ऑफ द वेडिंग’, ‘दे पुट इट ऑफ टिल मे’, ‘इट वॉज पुट ऑफ’. खाली एक ओळ मोकळी ठेवा, कारण थोड्याच दिवसांत ‘द स्मेल पुट मी ऑफ’ भेटेल, वासानेच खायची इच्छा गेली. तिथे लग्नाच्या तारखेचा काही संबंध नसतो आणि ‘मी’ मात्र मध्येच असतो.